माहितीचे समकालन : गावच्या दप्तरापासून हातातील यंत्रापर्यंत

एकाच माहितीच्या दोन किंवा अधिक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या असता एका प्रतीतील बदल दुसरीत वेळच्या वेळी उतरविणे, आणि दोन प्रती परस्परविरुद्ध बोलू लागल्यास त्यांपैकी कोणती ग्राह्य धरावयाची हे ठरविणे, या दुहेरी क्रियेस माहितीचे समकालन म्हणतात. संगणकाच्या परिभाषेत ही संज्ञा हातात मावणारे यंत्र आणि कार्यालयातील मेजावरचा संगणक यांच्यातील देवाणघेवाणीच्या संदर्भात १९९० नंतर विशेष रूढ झाली. क्रिया मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. जेथे फिरता कारकून आणि बसती कचेरी अशी कामाची विभागणी झाली, तेथे दोन दप्तरे निर्माण झाली आणि त्यांचा मेळ घालण्याचा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला. भारतातील जमीन महसुलाची व्यवस्था हे याचे फार विस्तृत उदाहरण होय. हैदराबाद संस्थान, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र राज्य अशा तीन अंमलांखालून गेलेल्या मराठवाड्यात तर हा प्रश्न भाषा, कालगणना आणि हद्दी यांच्या बदलांमुळे अधिकच गुंतागुंतीचा झाला. प्रस्तुत लेखात नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद व त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून हा इतिहास मांडला आहे.

धर्माबाद हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील, तेलंगणाच्या सीमेलगतचे आणि मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. गोदावरी येथून जवळच महाराष्ट्राची हद्द ओलांडते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पहिले सालारजंग यांनी आपल्या दिवाणगिरीच्या काळात (१८५३–८३) महसुलाच्या वसुलीतील मक्त्याची पद्धत मोडीत काढून १८६५ मध्ये जिल्हाबंदी अंमलात आणली. तेव्हापासून जिल्ह्यास तालुकदार, तालुक्यास तहसीलदार आणि गावात पटवारी अशी साखळी स्थिरावली. पटवारी शिवारात फिरून कोणत्या क्रमांकाच्या जमिनीत कोण कसतो व कोणते पीक उभे आहे याची पाहणी करी, ती पाहणीपत्रकात उतरवी, आणि त्यावरून तालुक्याच्या कचेरीतील हिशेब तयार होत. वर्षातून एकदा जमाबंदीच्या वेळी गावचे हिशेब व तालुक्याचे हिशेब समोरासमोर ठेवून ताडून पाहिले जात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पटवाऱ्याचे बस्ते हे फिरते यंत्र होते, तहसील हा मेजावरचा संगणक होता आणि जमाबंदी हा समकालनाचा दिवस होता. फरक एवढाच, की हा दिवस वर्षातून एकदाच उजाडत असे.

या मेळात तीन अडचणी होत्या. पहिली भाषेची. गावपातळीवरील लेखन मराठीत, पुष्कळदा मोडी लिपीत होई. वरच्या कचेऱ्यांचा कारभार १८८० नंतरच्या दशकापासून फार्सीऐवजी उर्दूत चाले. म्हणजे एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जाताना नोंदीचे केवळ नक्कल होणे शक्य नव्हते, तिचे भाषांतर होई; आणि माणसांची व शेतांची नावे भाषांतरात जितकी बिघडतात तितकी दुसरी कोणतीही गोष्ट बिघडत नाही. दुसरी अडचण कालगणनेची. संस्थानात फसली सन चाले. फसली सनात ५९० मिळविले असता साधारणपणे इसवी सन येतो. त्यामुळे १३५८ फसलीचा हैदराबादचा अधिकार अभिलेखाविषयीचा विनियम १९४८ च्या सुमाराचा ठरतो. परंतु ‘साधारणपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दोन्ही वर्षे एकाच दिवशी सुरू होत नसल्यामुळे अमुक सनातील नोंद अमुक व्यवहाराच्या आधीची की नंतरची, असा वाद उभा राहिला म्हणजे नुसत्या सनाच्या आकड्यावरून त्याचा निकाल लागत नाही. तिसरी अडचण हद्दींची. १९५४-५५ मध्ये हैदराबाद राज्यात खासरा पाहणी झाली आणि कोणती जमीन कोणाच्या ताब्यात आहे याची सविस्तर पत्रके तयार झाली. ही खासरा पत्रके मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही मूळ आधार म्हणून काढली जातात. ती शाई वाळते न वाळते तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला. मात्र नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा हे भाग आंध्र प्रदेशाकडे गेले आणि त्यांना लागून असलेले धर्माबाद इकडे राहिले. ज्या दप्तरांचा मेळ आजवर एकाच जिल्ह्यात घातला जात होता, त्यांच्यामध्ये आता राज्याची सीमा आली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा जिल्ह्यांच्या अभिलेखकक्षांबरोबर हैदराबादकडील निजामकालीन कागदपत्रांकडेही तिला वळावे लागले, आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची निकड सर्वांच्या ध्यानात आली.

मुंबई इलाख्याकडील महसुली परंपरा मराठवाड्यात आली आणि पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून सबंध राज्यास लागू झाली. तिच्याखाली १९७१ मध्ये अधिकार अभिलेखाचे नियम करण्यात आले. वंशपरंपरेचा पटवारी जाऊन पगारी तलाठी आला. गाव नमुन्यांची एकसारखी मालिका ठरली. त्यांतील नमुना सात हा जमिनीवरील हक्कांचा, नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एकाच कागदावर येत असल्याने त्यास सातबारा म्हणतात. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. या रचनेकडे केवळ कारकुनी सोपस्कार म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो अन्यायकारक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण संगणकशास्त्रज्ञांना पुढे स्वतंत्रपणे ज्या युक्त्या शोधून काढाव्या लागल्या, त्यांतील बऱ्याचशा या नोंदवह्यांत अगोदरच रुजलेल्या दिसतात.

नमुना सातमधील नाव थेट बदलता येत नाही. खरेदी, वारस, वाटणी, बोजा यांपैकी काहीही असो, त्याची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत क्रमाने होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत दिली जाते आणि मंडळ अधिकारी किंवा तत्सम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हातलेखनाच्या काळात प्रमाणित होण्यापूर्वी सातबाऱ्यावर नवी नोंद पेन्सिलीने घेतली जाई. प्रमाणित झाल्यावर ती शाईने पक्की होई. ज्याचे नाव कमी झाले ते खोडून नाहीसे केले जात नसे. त्यास कंस केला जाई व शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिला जाई. परिणामी सातबारा फाटला, भिजला अथवा कोणी त्यात हात घातला, तरी फेरफार पुस्तकावरून पहिल्या क्रमांकापासून चालत येऊन तो पुन्हा उभा करता येतो. शिवाय नोंदींचा अनुक्रम तारखेवर नव्हे, तर क्रमांकावर टिकतो. तारीख चुकू शकते, मागाहून टाकलीही जाऊ शकते. पण बांधीव पुस्तकातील ४१२ व ४१४ यांच्यामधील ४१३ ही जागा सहसा लपवता येत नाही.

हातातील यंत्रे : खिशात मावेल अशा संगणकाचा व्यापारी उपयोग ब्रिटनमधील सायन या कंपनीच्या ऑर्गनायझरपासून (१९८४) सुरू झाला, असे मानावयास हरकत नाही. त्यातील माहिती डेटापॅक नावाच्या वडीत साठविली जाई. या वडीवर एकदा लिहिलेले सुटे सुटे पुसता येत नसे. नोंद काढून टाकली म्हणजे तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण होई, आणि जागा मोकळी करावयाची तर सबंध वडी जंबुपार प्रकाशाखाली धरून कोरी करावी लागे. तलाठ्याच्या कंसाचेच हे विद्युत् रूप होय. ॲपल कंपनीचे न्यूटन (१९९३) हस्ताक्षर ओळखण्याच्या दाव्यामुळे गाजले आणि त्या दाव्यामुळेच हास्यास्पदही ठरले. त्याचे कार्यालयातील संगणकाशी नाते सैल होते; जोडणीचा संच स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागे.

या बाबतीत खरी कलाटणी मिळाली ती मार्च १९९६ मध्ये बाजारात आलेल्या पाम पायलट या यंत्राने. त्याचा जनक जेफ हॉकिन्स याने हस्तसंगणक हा स्वयंपूर्ण संगणक नव्हे, तर मेजावरील संगणकाची खिशातली शाखा होय, अशी भूमिका घेतली. यंत्र एका पाळण्यात ठेवावयाचे आणि त्यावरील एकच कळ दाबावयाची. उरलेले काम दोन्ही संगणक आपसांत करीत. प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक असे, आणि मागच्या मेळानंतर ती बदलली असल्यास तशी खूण, रद्द केली असल्यास तशी खूण. नेहमीच्याच संगणकाशी जोडणी झाली तर केवळ खुणा असलेल्या नोंदी हलविल्या जात. वेगळ्या संगणकाशी झाली तर मात्र सर्व नोंदी मागील प्रतीशी एकेक करून ताडाव्या लागत. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने बदललेली आढळल्यास यंत्र स्वतः निवाडा करीत नसे. दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवून देई व निर्णय मालकावर सोपवी. एकीकडे रद्द व दुसरीकडे बदललेली असेल, तर बदललेली राखून ठेवी. माहिती दुबार झालेली परवडली, पण नाहीशी होता कामा नये, हा त्यामागील विचार. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी विंडोज सीई ही प्रणाली आणली आणि पुढे ॲक्टिव्हसिंक हा मेळ घालणारा कार्यक्रम प्रसृत केला. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी बोलावीत म्हणून एरिक्सन, नोकिया, मोटोरोला, आयबीएम, पाम, सायन आदींनी मिळून २००० मध्ये सिंकएमएल हा सामाईक संकेत तयार केला. २००२ मध्ये तो ओपन मोबाइल अलायन्स या संघटनेकडे गेला. मात्र तोपर्यंत भ्रमणध्वनी थेट दूरच्या केंद्रीय संगणकाशी जोडले जाण्याचे दिवस जवळ आले होते, आणि पाळणा व तार यांचे महत्त्व दहा-बारा वर्षांत संपुष्टात आले.

या यंत्रांमागील सिद्धान्त बराचसा विद्यापीठांत व प्रयोगशाळांत घडला. लेस्ली लॅम्पोर्ट याने १९७८ मध्ये दाखवून दिले, की दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून घटनांचा अनुक्रम घड्याळावर न सोपविता क्रमांकांच्या आधारे लावावा. फसली आणि इसवी यांच्या घोळातून गेलेल्या महसूल कारकुनाला हे निराळे पटवून द्यावे लागले नसते. कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली कोडा ही प्रणाली तयार झाली. संपर्क तुटलेला असतानाही यंत्रावर काम चालू ठेवता यावे आणि संपर्क आल्यावर ते मूळ प्रतीत विलीन व्हावे, हे तिचे उद्दिष्ट होते. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील बायू या प्रणालीने (१९९५) तात्पुरती नोंद व पक्की नोंद असा भेद केला : प्रत्येक यंत्रावरील लेखन प्रथम तात्पुरते मानावयाचे आणि एका मुख्य प्रतीने अनुक्रम ठरवून दिल्यानंतर ते पक्के समजावयाचे. पेन्सिल आणि शाई यांच्यातील भेद तो हाच.

भारतात या क्षेत्रातील महत्त्वाकांक्षी प्रयत्न म्हणजे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील तंत्रज्ञ यांनी मिळून घडविलेला सिंप्युटर. अनेकांनी एकच यंत्र वापरावे व प्रत्येकाने आपली माहिती आपल्या पत्रिकेवर बाळगावी, अशी त्याची कल्पना होती. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी गोळा करण्यासाठीही त्याचा वापर झाला. बाजारात मात्र तो टिकला नाही.

मराठवाड्यातील व्यवहार : सामान्य माणसाच्या हाती हस्तसंगणकाची पावती पडली ती दुसऱ्याच दोन वाटांनी, एस. टी. आणि पिग्मी. एस. टी.च्या वाहकाजवळ पूर्वी तिकिटांची पेटी असे. आगारातून निघताना प्रत्येक दराच्या तिकिटाचा आरंभीचा क्रमांक वेबिलावर लिहिला जाई, परत आल्यावर अखेरचा. दोहोंतील अंतरावरून विक्री ठरे. पुढे पेटीच्या जागी तिकिटाचे यंत्र आले व रात्री ते आगारातील संगणकाला जोडून दिवसाची विक्री उतरवून घेतली जाऊ लागली. येथे मेळ घालणे सोपे असते, कारण माहिती एकाच दिशेने वाहते. दरपत्रक आगार ठरवितो, त्यात वाहकाने बदल करावयाचा नसतो. विक्री वाहक नोंदवितो, त्यात आगाराने बदल करावयाचा नसतो. प्रत्येक रकान्याला एकच धनी असल्यामुळे भांडणाला जागाच राहत नाही.

पिग्मीचे तसे नाही. दररोज दारोदार जाऊन लहान रकमांच्या ठेवी गोळा करण्याची ही योजना कर्नाटकातील किनारपट्टीवरील, पुढे सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने १९२८ मध्ये सुरू केली. मराठवाड्यातील बाजारपेठांत नागरी बँका व पतसंस्था यांनी ती उचलून धरली. दुकानाच्या फळीवर उभा राहून यंत्रातून पावती फाडून देणारा पिग्मी प्रतिनिधी हे तालुक्याच्या गावातील परिचयाचे दृश्य होय. सकाळी शाखेतील संगणकावरून खातेदारांची नावे व शिलका यंत्रात भरल्या जातात; संध्याकाळी दिवसाची वसुली यंत्रातून संगणकात उतरते. आता, दुपारी एखाद्या खातेदाराने शाखेत जाऊन रक्कम उचलली, तर प्रतिनिधीच्या यंत्रातील शिल्लक सकाळचीच राहते आणि त्या दिवशीच्या पावतीवर खोटा आकडा छापला जातो. यावरील व्यवहारी तोडगा असा, की यंत्राने संगणकाला शिल्लक कळवावयाचीच नाही. फक्त ‘इतके जमा’ एवढे कळवावयाचे, आणि शिल्लक शाखेने काढावयाची. अंतिम आकड्याऐवजी घडलेला व्यवहार पाठविणे हा समकालनातील अत्यंत उपयुक्त नियम आहे. सातबाऱ्याऐवजी फेरफार पाठविणे हे त्याचेच दुसरे रूप. पावतीवरील शिल्लक आणि खतावणीतील शिल्लक यांत तफावत पडली म्हणजे गावात लगेच कुजबूज सुरू होते. पतसंस्थांच्या बाबतीत कुजबूज ही किती महाग पडते, हे मराठवाड्याला सांगावयास नको.

सातबारा संगणकावर : भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे ती राज्यभर पसरली, आणि २००८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तिला गती आली. परंतु संगणक तहसीलमध्ये आणि तलाठी गावात, अशी स्थिती बराच काळ राहिल्यामुळे एकाच गटाचे दोन सातबारे अस्तित्वात आले : एक तलाठ्याच्या हातचा आणि एक संगणकातून छापून निघालेला. नवी नोंद हस्तलिखितात आधी होई, संगणकात मागाहून. कधी आणेवारी राहून जाई, कधी सामाईक खात्यातील एखादे नाव गळे, कधी क्षेत्राच्या आकड्यातील बिंदू सरके. ज्या बहिणीचे नाव टंकलेखनात गळले, तिच्या हिश्श्याचे काय, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. त्या कागदावर कर्ज मिळते, खरेदीखत होते आणि न्यायालयात तोच पुढे केला जातो.

या दोन प्रतींचा मेळ घालण्यासाठी शासनाने जो उपाय योजला, तो कोणत्याही संगणकग्रंथात सापडणार नाही. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत सातबारे गावात मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि खातेदारांनी चूक दाखवावयाची, अशी ती योजना होती. संगणकास दोन आकड्यांतील फरक दिसतो, पण त्यांतील खरा कोणता हे त्यास कळत नाही. ते बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला ठाऊक असते. दाखविलेल्या चुका लेखनप्रमादाच्या स्वरूपाच्या असल्यास संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त करता येतात. मात्र मूळ हस्तलिखितातीलच हक्काचा वाद लेखनप्रमाद म्हणून मिटविता येत नाही, आणि ही सीमारेषा प्रत्यक्षात नेहमीच स्पष्ट असते असे नाही. ई-फेरफार प्रणाली आली, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यात आला. हक्कांच्या रकान्यापुरती तरी एक प्रत मुख्य आणि बाकीच्या तिच्या नकला, अशी स्थिती यामुळे आली.

ई-पीक पाहणी : पिकांच्या रकान्याचा प्रश्न शिल्लक होता. तलाठ्याने हंगामात प्रत्येक शेतावर जाऊन पीक पाहावयाचे, हा नियम; एकाच तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे ते सर्वत्र शक्य नव्हते, ही वस्तुस्थिती. कचेरीत बसून मागील वर्षाचा पीकपेरा पुढे ओढला जाण्याचे प्रकार त्यातून घडत. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली; टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार केलेल्या या उपयोजनात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर गट क्रमांक निवडून पीक व क्षेत्र भरावयाचे आणि उभ्या पिकाचे छायाचित्र स्थानदर्शक अक्षांश-रेखांशासह जोडावयाचे असते. शेतात संपर्क नसल्यास माहिती मोबाइलमध्ये साठवून ठेवता येते व संपर्कात आल्यावर पाठविता येते. ती केंद्रीय संगणकावर जाते आणि तेथून तलाठ्याच्या संगणकावर दिसते. पटवाऱ्याचे बस्ते आता शेतकऱ्याच्या खिशात आले.

या रचनेतील शहाणपण अधिकारांच्या वाटणीत आहे. शेतकऱ्याचा मोबाइल नमुना बाराला स्पर्श करू शकतो, नमुना सातला नाही. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तीत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानण्यात आली. ४८ तासांच्या आत त्याला ती दुरुस्त करण्याची मुभा मिळाली आणि १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याकडे सोपविण्यात आली. पेन्सिलीची मुदत पंधरा दिवसांवरून दोन दिवसांवर आली, असे म्हणता येईल. उणीव राहिली ती दुसऱ्या टोकाला. ज्याने शेतात छायाचित्र काढले पण संपर्काच्या कक्षेत येऊन ते पाठविलेच नाही, त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते आणि शासनाच्या दृष्टीने ते सुरूही झालेले नसते. पाम पायलटच्या मालकाला पाळण्यातील यंत्र मेळ पूर्ण झाल्याचे सांगत असे. येथे मात्र ‘साठविले’ आणि ‘पोहोचले’ या दोन शब्दांतील अंतर शेतकऱ्याने स्वतःच ओळखावयाचे असते, आणि हंगामाची मुदत संपेपर्यंत ते कित्येकांच्या लक्षात येत नाही. वयस्क खातेदाराची नोंद शेजारच्या मुलाने आपल्या मोबाइलवर करून दिलेली असली, तर ती अडकल्याचे कळण्याचा मार्ग आणखी लांबतो.

याचे परिणाम पैशांत मोजता येतात. पीकविम्याच्या बाबतीत, विमा उतरविलेले पीक आणि ई-पीक पाहणीतील पीक यांत तफावत आढळल्यास पाहणीतील नोंद अंतिम धरावी, असा दंडक शासनाने घातला. म्हणजे दोन प्रतींतील भांडणात कोण जिंकणार हे आगाऊ जाहीर झाले. नियम स्पष्ट असला, की निदान वाद लांबत नाही. २०२४ मध्ये मात्र याच्या उलट अनुभव आला. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरांच्या मर्यादेत, असे अर्थसाहाय्य राज्य शासनाने जाहीर केले आणि त्यासाठी ई-पीक पाहणीतील नोंदीची अट ठेवली. कापूस आणि सोयाबीन ही नांदेड जिल्ह्यातील खरिपाची मुख्य पिके. याद्या लागल्या तेव्हा असे असंख्य शेतकरी पुढे आले, की ज्यांच्या सातबाऱ्यावर पीक होते, पण पाहणीच्या यादीत नाव नव्हते. एकाच शासनाच्या दोन प्रती एकाच शेताविषयी निरनिराळे सांगत होत्या. अखेर अट शिथिल करून सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही पात्र धरण्यात आले. पाम पायलटच्या निर्मात्यांनी जो पक्ष स्वीकारला होता, तोच हा : शंका असेल तर दोन्ही नोंदी राखाव्यात. पहिल्या यादीपासून अट शिथिल होईपर्यंतच्या काळात तहसील व कृषी कार्यालयांत ज्यांनी खेटे घातले, त्यांचे बुडालेले रोज मात्र कोणत्याच प्रतीत उतरले नाहीत.

सीमेपलीकडे तेलंगणाने निराळा मार्ग धरला. तेथे २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी ही एकत्रित प्रणाली सुरू झाली. नोंदणी आणि फेरफार एकाच वेळी व एकाच ठिकाणी होत असल्यामुळे दोन प्रतींमधील कालांतरच तिने नाहीसे केले. पण हरकतीची मुदत व खालच्या पातळीवरील दुरुस्तीचे अधिकारही त्याबरोबर आकसले, आणि एकदा चूक शिरली की ती काढणे दुष्कर झाले. तक्रारी वाढत गेल्यानंतर २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती हा नवा कायदा व प्रणाली आणण्यात आली, आणि दुरुस्तीची व अपिलाची तरतूद पुन्हा करावी लागली. धर्माबाद परिसरातील ज्या कुटुंबांच्या जमिनी सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत, त्यांना या दोन्ही पद्धतींशी जुळवून घ्यावे लागते. १९५६ मध्ये वेगळी झालेली ही दप्तरे संगणकावर येऊनही परस्परांशी जोडलेली नाहीत.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये तलाठी या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे बदलण्यात आले. त्याच वर्षीच्या रब्बी हंगामापासून ई-पीक पाहणी केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाच्या धर्तीवर होऊ लागली; छायाचित्र त्या गटाच्या निकट उभे राहूनच काढावे लागते, आणि शेतकऱ्यांच्या मुदतीनंतर उरलेल्या गटांची पाहणी गावासाठी नेमलेल्या साहाय्यकाकडे असते.